लॅबच्या बाई आणि मुदतीचा ताप

काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरायची, डावा डोळा मिटायचा, मान जरा तिरकी करायची आणि घरातल्या हट्टी पोराची तक्रार सांगावी तशा आवाजात म्हणायचं, ‘सिस्टर, हा ऐकत नाही.’

आमच्या दवाखान्यातल्या लॅबच्या बाईंचा निकाल असा असे. कागदावर त्या रीतसर इंग्रजीत लिहीत, पण कागद वॉर्डात पोचायच्या आधी हा तोंडी निकाल पोचलेला असे. जंतू औषधाला दबला तर ‘ऐकतो’, नाही दबला तर ‘ऐकत नाही’. वॉर्डात झाडपूस करणाऱ्या आयासुद्धा हीच भाषा बोलायला लागल्या होत्या. ‘खिडकीजवळच्या पोराचं काय आलं गं?’ ‘न्हाई ऐकत.’ बाहेरच्या माणसाला वाटावं, पोर वांड आहे.

लहान गावच्या दवाखान्यात ज्यांनी दिवस काढले असतील, त्यांना अशी एखादी व्यक्ती माहीत असेल. ती रोग्यांना कधी भेटत नाही, पण रोग्यांचं सगळं तिच्या खोलीत जातं. आमच्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. डॉक्टरकीची पदवी होती, जंतुशास्त्राचं पुढचं शिक्षण होतं, आवाज मोठा होता आणि धीर अजिबात नव्हता. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. सरळ, उंच, पांढरी सुती साडी, पायात पुरुषी वहाणा. मोठ्या शहरातली नोकरी सोडून त्या संगमनेरच्या बाजूच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात का आल्या, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘तिथे जंतू माझ्यापर्यंत पोचायच्या आत चार सह्या लागायच्या.’

मी बायका आणि मुलांच्या वॉर्डची सिस्टर होते आणि औषधांचं कपाट माझ्या ताब्यात होतं. म्हणून बाईंची आणि माझी गाठ रोज पडे, आणि रोज थोडी खडाजंगीही होई. नमुन्याच्या बाटलीला चिठ्ठी तिरकी लागली तरी त्या ती परत पाठवत. चिठ्ठी तिरकी असल्याने जंतूंचं काय बिघडतं, असं मी एकदा म्हटलं. ‘जंतूंचं काही बिघडत नाही. माझं बिघडतं,’ त्या म्हणाल्या.

त्यांची खोली म्हणजे आधीचं धान्याचं कोठार. दार उघडलं की कढत्या मांसाच्या रस्स्याचा वास येई, कारण जंतूंना खायला घालायचा रस्सा बाई स्वतः शिजवत. गावातला खाटीक दर आठवड्याला मेंढीच्या रक्ताची बाटली आणून देई. ‘बाई शाकाहारी, पर त्यांची पाव्हनी लई खादाड,’ असं तो म्हणे. बाईंच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना ते आवडलंही होतं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

औषधाचं परीक्षण करायला विकतच्या चकत्या परवडत नव्हत्या. बाई ऑफिसातलं भोक पाडायचं यंत्र आणून टीपकागदाच्या टिकल्या पाडत, त्या औषधात भिजवत, वाळवत. जंतू पसरलेल्या बशीत एकेका औषधाची एकेक टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरलेली असे. जंतू औषधाला ऐकणारा असेल तर टिकलीभोवती मोकळं रिंगण दिसे. ऐकणारा नसेल तर साय थेट टिकलीच्या कडेला येऊन भिडलेली. इतकं सोपं होतं. मलाही दोन-चार दिवसांत वाचता येऊ लागलं.

मग दुष्काळ आला. बहात्तर-त्र्याहत्तरचा. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पठारावर पाझर तलावाचं काम निघालं. आसपासच्या गावांची माणसं, बाया, पोरं खडी फोडायला आणि माती वाहायला तिथे झोपड्या टाकून राहिली. पिण्याला एक विहीर आणि अधूनमधून टँकर. हिवाळा सरता सरता आमच्या मुलांच्या वॉर्डात खाटा पुरेनात. सगळ्यांची तक्रार एकच: पोटात मुरडा आणि रक्ती आव.

बाईंच्या बशा खिडकीपाशी रांगेने मांडलेल्या असत. एक दिवस त्यांनी मला हाक मारून बोलावलं. एका बशीत चार टिकल्या होत्या. सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. एकीलाही रिंगण नव्हतं.

‘एखाद्या औषधाला ऐकत नाही, हे मी समजू शकते,’ बाई म्हणाल्या. ‘चारही एकदम? आणि दहा पोरांच्या बशीत तेच चार? ठरवून आल्यासारखे?’

आवेची पोरं आम्ही मीठ-साखरेच्या पाण्यावर आणि सलाइनवर बहुतेक सावरली. सगळी सावरली असं नाही. पण बाईंची खरी भीती आव नव्हती. ती काय होती, हे त्यांनी एका दुपारी सांगितलं. वॉर्डात गडबड नव्हती, मी कपाट आवरत होते आणि त्या दारात उभ्या होत्या. माझ्या हातात क्लोरॅम्फेनिकॉलची बरणी होती.

‘ती जपून ठेवा,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या धाकट्या भावाच्या वेळी ती नव्हती.’

भावाला मुदतीचा ताप आला होता, टायफॉईड. बाई तेव्हा शाळेत होत्या. त्या काळी त्या तापावर औषधच नव्हतं. ताप आपली मुदत पुरी करून उतरे, नाहीतर माणसाला घेऊन जाई. आई पेज पाजायची आणि बाई ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसायच्या. तिसऱ्या आठवड्यात, उतार पडतोय असं वाटत असतानाच, त्याचं आतडं फुटलं. पुढे डॉक्टर झाल्यावर क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि बाईंनी पहिल्यांदा पाहिलं की मुदतीच्या तापाचा माणूस चार-पाच दिवसांत खाटेवर उठून बसतो आणि भाकरी मागतो. ‘मी त्या रोग्याकडे बघत बसले. त्याला वाटलं, बाईंना वेड लागलंय.’

मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘टायफॉईडला आपल्याकडे ही एकच गोळी आहे, सिस्टर. आवेच्या जंतूने ती मोडली. उद्या टायफॉईडच्या जंतूने मोडली तर आपण पुन्हा फडक्यावर आलो.’

तेव्हापासून दवाखान्यात नियम झाला. क्लोरॅम्फेनिकॉल कुलपात राहील आणि फक्त टायफॉईडला मिळेल. मोठ्या डॉक्टरांनी मान्यता दिली. ते शस्त्रक्रियेचे डॉक्टर, भला माणूस, पहाटेपासून राबणारे, आणि बाईंशी वाद घालायला त्यांना वेळ नसे. आव-हगवणीला टेट्रासायक्लिन द्यायचं ठरलं. त्यानेही फारसा उपयोग होत नव्हता, पण काहीच न देता रोगी परत पाठवला तर तो बाजारातून काय घेईल याचा नेम नव्हता. बाईंचा हिशेब सरळ होता. जंतूला औषध दिसलंच नाही तर तो हळूहळू त्याचा प्रतिकार विसरेल. मलाही ते पटलं. वापरात नसलेली भांडी माणूस माळ्यावर टाकतोच.

पण कुलूप आमच्या कपाटाला होतं, पठाराला नव्हतं. म्हणून एकदा जीप तिकडे जात होती तेव्हा बाई माझ्यासह तलावाच्या कामावर गेल्या. टोळीचा मुकादम आम्हाला सावलीत घेऊन गेला. चाळिशीचा, तरतरीत, बोलायला गोड. टोळीतल्या कुणाला ढाळ लागले तर हा सकाळीच एक कॅप्सूल देई. संगमनेरहून आणून ठेवलेल्या असत, कधी टेट्रासायक्लिनच्या पिवळ्या, कधी दुसऱ्या. दिवसाची हजेरी बुडू नये हा हेतू. बाया ती कॅप्सूल फोडून त्यातली कडू पूड गुळात कालवत आणि घरच्या सगळ्यांना चाटवत, कारण एकाला झालं ते उद्या दुसऱ्याला होणारच. बायांना ही रीत मुकादमाच्या बायकोने शिकवली होती. तिचं नाव गयाबाई. तिने आम्हाला बसायला पोतं टाकलं आणि स्वतः लांबून ऐकत राहिली.

‘एका माणसाची गोळी पाच जणांत वाटता?’ बाई म्हणाल्या. ‘अरे, त्याने जंतू मरत नाही, शहाणा होतो.’

‘बाई, सकाळच्याला मानूस उभा ऱ्हातो ना, तेवडं आमाला बास हाय,’ मुकादम म्हणाला.

‘आणि उद्या मुदतीचा ताप आला तर? तेव्हा गोळी चालणार नाही.’

‘उद्याचं उद्या. आज हजेरी न्हाई लागली तर आज चूल न्हाई.’ तो हसून म्हणाला, ‘तुमी शिकल्याली मान्सं. तुमाला जंतू दिसतो. आमाला हजेरी दिसती.’

बाई उठून जीपकडे चालू लागल्या. परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, ‘तो चुकीचं बोलला असता तर बरं झालं असतं.’

उन्हाळा तसाच गेला. कुलूप पक्कं होतं. बाई दर काही दिवसांनी नव्या रोग्यांच्या बशा लावत आणि क्लोरॅम्फेनिकॉलच्या टिकलीभोवती रिंगण उमटायची वाट बघत. उमटेना. मग एक दिवस त्या तरातरा वॉर्डात आल्या आणि दोन आयांच्या देखत मला म्हणाल्या, ‘सिस्टर, कपाटाची किल्ली तुमच्याशिवाय कुणाकडे असते?’

मला राग आला. मी कपाट उघडलं, बरणी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, ‘तुम्हीच मोजा आणि तुम्हीच कुलूप लावा. किल्लीही घेऊन जा.’ त्यांनी मोजलं नाही. किल्लीही घेतली नाही. तशाच परत गेल्या. आठवडाभर आम्ही नमुन्याच्या बाटल्यांखेरीज एकमेकींशी बोललो नाही. त्या आठवड्यात मी चिठ्ठ्या मुद्दाम तिरक्या लावल्या आणि त्यांनी एकही परत पाठवली नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

आठवड्याने त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि पेरू कापून अर्धा माझ्यापुढे सरकवला. माफी मागायची त्यांची हीच पद्धत होती.

‘तुमचं कपाट खरं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘माझा हिशेब खोटा होता.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत निम्मं इंग्रजी होतं. आम्ही समजत होतो की जंतू एकेक औषध वेगवेगळं पचवायला शिकतो. तसं नव्हतं. चारही औषधांचा तोडगा एकाच गाठोड्यात बांधलेला होता. एक औषध चालू ठेवलं तरी जंतू सबंध गाठोडं सांभाळून ठेवतो. आम्ही क्लोरॅम्फेनिकॉल कुलपात घातलं, पण दवाखान्यात आणि पठारावर टेट्रासायक्लिन चालूच होतं. त्या एकापायी बाकीचे तिन्ही तोडगे शाबूत राहिले. जपानमधल्या डॉक्टरांना हे आधीच दिसलं होतं. त्याला ‘आर-फॅक्टर’ असं नाव होतं. बाईंकडे उशिरा येणाऱ्या एका मासिकात ते छापून आलं होतं, आणि त्यांनी ते वाचूनही ठेवलं होतं.

‘वाचलं होतं,’ त्या स्वतःवरच चिडून म्हणाल्या. ‘वाचलं होतं आणि तरी कुलूप लावून बसले.’

‘मग टेट्रासायक्लिनही कुलपात घालू,’ मी म्हटलं. बिघडलेल्या गोष्टीचा उपाय लगेच मांडायची माझी सवय.

‘घालू. पण तेवढ्यावर भागत नाही. गाठोडं एका घरात राहत नाही, ते फिरतं.’ त्यांनी दह्याचं उदाहरण दिलं. ‘तुमच्या घरी दही लागलं नाही तर काय करता? शेजारणीकडून विरजण आणता. जंतूंचं तसंच आहे. आईकडून लेकीला मिळतं ते वेगळं. हे शेजारणीकडून मिळतं. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात जे गरीब जंतू राहतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तेच हे गाठोडं बाळगून आहेत. वाटेने जाणारा आवेचा जंतू त्यांच्याकडून घेतो. टायफॉईडचाही घेऊ शकेल. त्यांच्यात जात बघत नाहीत, सिस्टर. पंगतीला कुणीही बसतं.’

‘घेऊ शकेल म्हणजे? घेतो की नाही?’

‘तेच बघायचंय,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी ते पाहिलं. एका बऱ्या झालेल्या रोग्याचा टायफॉईडचा जंतू त्यांनी जपून ठेवला होता, सगळ्या औषधांना ऐकणारा, गुणी. तो त्यांनी गाठोडं बाळगणाऱ्या, आतड्यातल्या साध्या जंतूसोबत एका नळीत रस्सा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यातला थेंब एका लाल बशीवर पसरला. त्या बशीत क्लोरॅम्फेनिकॉल मिसळलेलं होतं. तिथे आतड्यातला साधा जंतू वाढला तर त्याचे ठिपके गुलाबी दिसतात. टायफॉईडचे फिकट दिसतात. पण टायफॉईडने तिथे वाढताच कामा नये, कारण तो औषधाला ऐकणारा.

बशी खिडकीकडे धरली तेव्हा मी शेजारी होते. बशीभर गुलाबी ठिपके. आणि त्यांच्या मधोमध, नीट पाहिलं तर, थोडेसे फिकट.

बाईंनी बशीवर झाकण ठेवलं. मग त्यांनी त्या फिकट ठिपक्यांची पुन्हा खात्री केली. त्यात चार-पाच दिवस गेले. ते टायफॉईडचेच होते आणि चारही औषधांना ऐकत नव्हते. एका रात्रीच्या शेजारात त्याने सबंध गाठोडं घेतलं होतं.

त्या बशी घेऊन थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. कपाटाचा प्रश्न होता म्हणून मलाही नेलं. बाईंना वाटलं होतं, आता पटेल. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र जाईल, कामावरच्या गोळ्या थांबतील, तिथे निदान पाण्याची सोय होईल.

मोठ्या डॉक्टरांनी बशी बघितली. हात लावला नाही.

‘म्हणजे हा कुठल्या रोग्यात सापडलेला नाही?’

‘नाही. अजून नाही.’

‘हा तुम्ही तयार केलात. माझ्या दवाखान्यात.’

‘मी तयार नाही केला, सर. मी दोघांना शेजारी ठेवलं. पठारावर ते रोजच शेजारी असतात.’

‘बाई, औषधाला न दबणारा टायफॉईड तुम्ही बाटलीत वाढवलात आणि भिंतीपलीकडे माझी पोरं झोपलीत,’ ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ‘हे आजच्या आज नष्ट करा. पुन्हा असले प्रयोग नकोत.’

भिंतीपलीकडची पोरं माझी होती. म्हणून मी बाईंबरोबर कोठारात गेले आणि सगळ्या बशा, नळ्या मोठ्या कुकरमध्ये जाताना पाहिल्या. वाफ धरली, शिट्टी कोंडली, वेळ भरला, कुकर निवला आणि उकडलेल्या बशा बाहेर आल्या, तोवर मी तिथेच उभी होते. त्यातून काही जिवंत सुटलं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पुढे सांगितलंही. ऐकायला कुणी नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर मुकादम बैलगाडीतून गयाबाईला घेऊन आला. आठवड्यापासून ताप, जीभ पांढरी, डोळे अर्धे मिटलेले. या दवाखान्याची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. तापाच्या पहिल्या दिवसापासून तिला कामावरच्या कॅप्सूल चालू होत्या, कधी एक, कधी अर्धी. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, टायफॉईड. मी कुलूप उघडलं आणि क्लोरॅम्फेनिकॉल सुरू झालं. पूर्ण, वेळेवर, एकही चुकवली नाही. नियम ज्या दिवसासाठी केला होता तो हाच दिवस होता.

ताप हलला नाही.

बाईंनी तिचं रक्त रस्स्यात लावलं होतं. जंतू वाढला, बशीवर गेला, टिकल्या पडल्या. मी त्या सकाळी खोलीत गेले तेव्हा बाई खुर्चीत बसलेल्या होत्या आणि बशी टेबलावर पालथी होती. मी उचलून उजेडात धरली. साय चारही टिकल्यांना भिडलेली होती.

मोठ्या डॉक्टरांनी निकाल वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘हा तोच तर नाही? तुमच्या बशीतला?’

बाईंनी सांगितलं. मी सांगितलं. गयाबाई आजारी पडली पठारावर, त्याआधी दवाखान्यात ती आलीच नव्हती. बशा उकडून महिने झाले होते. ते मान हलवत होते. पण एकदा मनात आलेला प्रश्न माणूस काढून टाकू शकत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो प्रश्न फक्त त्यांच्या मनात राहिला नव्हता. आया लॅबच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावू लागल्या. खाटकाने रक्ताची बाटली बाहेरच्या पायरीवर ठेवायला सुरुवात केली.

बाईंनी ॲम्पिसिलिन मागितलं. नवं औषध होतं. त्याची टिकली आमच्याकडे नव्हती, पण त्या म्हणाल्या, त्याचा तोडगा या गाठोड्यात बहुतेक नसेल. पुण्याला मागणी गेली. डॉक्टर म्हणाले, ‘येईपर्यंत क्लोरॅम्फेनिकॉलचा डोस वाढवा. बशीत एक दिसतं, माणसात वेगळं होतं. मी हे वीस वर्षं बघतोय.’ मला डोस वाढवावा लागला. बाई दारातून बघत होत्या.

त्याच दिवशी दुपारी त्या वॉर्डात आल्या. रोग्याच्या खाटेपाशी त्या कधी येत नसत. स्टूल ओढलं, कोमट पाण्याचं घमेलं मागवलं, फडकं पिळलं आणि गयाबाईचे हात पुसायला लागल्या. मनगटापासून खांद्यापर्यंत, मग काखेत, मग कपाळ. आमची नवी नर्स चुकली असती, बाई चुकल्या नाहीत.

‘बाई, ही कंची नवी दवा?’ गयाबाईने डोळे न उघडता विचारलं.

‘सगळ्यात जुनी आहे. गप पडून राहा.’

मग रोज त्या येत. पेज स्वतः गाळून आणत. तिसरा आठवडा लागला तेव्हा त्या गयाबाईच्या पोटावर हात ठेवून इतका वेळ बसत की मला कामं सुचत नसत. एकदा मुकादमाने बायकोच्या आवडीची शेव बांधून आणली. बाईंनी पुडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि इतकं बोलल्या की अख्खा वॉर्ड उठून बसला. ‘आतडं कागदासारखं पातळ झालंय तिचं. शेव? तुला बायको नकोय का?’ तो बिचारा म्हणाला, ‘बाई, ती भुकेजलीया म्हून आनली.’ बाईंनी पुडी खिडकीबाहेर फेकली नाही. माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, ‘आयांना वाटा. अन्न आहे.’

गयाबाईचं आतडं फुटलं नाही. एक दिवस ताप थोडा उतरला, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा, जसा तो जुन्या काळी मुदत भरल्यावर उतरत असे. पुण्याहून ॲम्पिसिलिनची पेटी आली तेव्हा थर्मामीटरचा पारा खाली आलेला होता. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं की वाढवलेल्या डोसला रोग्याने प्रतिसाद दिला. बाईंनी ते वाचलं. मला वाटलं, आता भडका उडेल. त्यांनी केसपेपर जागेवर ठेवला आणि विचारलं, ‘सिस्टर, संध्याकाळची पेज कुणी गाळणार आहे का?’

आठवड्याभरात ट्रस्टचं पत्र आलं. यापुढे दवाखान्यात जंतू वाढवायचे नाहीत. लॅबमध्ये रक्त, लघवी, थुंकी एवढंच तपासायचं. बाईंनी वाद घातला नाही. ‘एवढ्यासाठी त्यांना माझी गरज नाही,’ म्हणाल्या. भोक पाडायचं यंत्र ऑफिसात परत दिलं, कुकर घासून ठेवला आणि नगरच्या एस.टी.त बसल्या. मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटायला आली. शेवटी त्यांनी खिडकीतून एवढंच सांगितलं, ‘पोट अजून दहा दिवस जपा तिचं. भाकरीला घाई नको.’ वर्षभरात त्या वारल्या. मला उशिरा कळलं.

गयाबाई पुढच्या पंधरवड्यात घरी निघाली. केस गळलेले, पाय काड्यांसारखे, पण चालत होती. मुकादम नारळ घेऊन आला होता. लॅबच्या दारात उभा राहून आत बघत होता. कोठारात आता दुष्काळात वाटायच्या सुकडीच्या पिठाची पोती रचलेली होती.

‘बाई कुटं गेल्या?’

‘नगरला.’

‘माघारी येनार?’

‘नाही.’

त्याने नारळ माझ्या हातात दिला. ‘त्यांची शेव फेकायची इच्छा हुती, तरी फेकली न्हाई. देवमानूस.’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘सिस्टरबाई, एक इचारू? त्या कुलपातल्या गोळीनं माजी बायकू उटली. मोटं डाक्टर बी म्हनले. थोड्या द्या ना मला. तळ्यावर अजून चार बायांना ताप हाय.’

‘कसला ताप?’

‘गयीसारकाच,’ तो म्हणाला. ‘पर आमी बसून न्हाई ऱ्हायलो. घरात हुत्या त्या गोळ्या समद्यांनी वाटून घेतल्यात.’